रिकाम्या काडतुसाची शिट्टी

अण्णा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं मला कधी वाटलं नाही, कारण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की अजून माझा डावा कान गरम होतो. कशामुळे ते तुम्हाला माहीत आहे. आज लिहायला बसले ती एका माणसामुळे. तो अर्धी पृथ्वी ओलांडून पलीकडे राहतो, त्याला मी कधी पाहिलेलं नाही, आणि या सप्टेंबरात त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं कापावी लागली. ऑफिसात सगळे म्हणतात, तो वाचला तो माझ्यामुळे. मला म्हैसूरपाकाचा डबा मिळाला, सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. घरी हा विषय काढला की घरचेही कौतुकच करतात. म्हणून म्हटलं, कौतुक न करणारं माणूस गाठावं. तसे तुम्ही एकटेच.

आधी माझी नोकरी सांगते, म्हणजे तुम्हाला हसून घेता येईल. कॅनडाच्या पार उत्तरेला टुंड्रा म्हणून मुलूख आहे. झाड म्हणून नाही, नुसती दगडं, शेवाळ, तळी आणि वारा. तिथे कॅरिबू नावाचं मोठ्या शिंगांचं हरणासारखं जनावर कळपाने फिरतं. त्याच्या शिकारीला जगभरातून लोक येतात, आणि त्यांना घेऊन जायला तिथलाच एक वाटाड्या बरोबर असतो. एक पाहुणा, एक वाटाड्या, एक तंबू. त्यांची तिकिटं, परवाने, सामान आणि रोजची हजेरी कोण बघतं, तर बंगळुरात, महादेवपुऱ्यात सहाव्या मजल्यावर बसलेली मी. बर्फ मी आइस्क्रीमच्या गाडीवर सोडून कुठे पाहिलेला नाही. आमच्या खिडकीतून रिंगरोडचा ट्रॅफिक दिसतो आणि मी लोकांना लिहिते की उद्या वारा वाढेल, तळ्याच्या काठाने जाऊ नका. चिकपेटच्या मागच्या गल्लीत तुम्ही जन्मभर शिकाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त केल्यात आणि स्वतः एक ससा मारला नाहीत. तुमचीच पोरगी मी, दुसरं काय करणार?

हजेरीचं असं आहे. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपले सकाळचे साडेसहा. त्या वेळी प्रत्येक वाटाड्या हातातल्या छोट्या यंत्रावरून उपग्रहामार्फत एक संदेश पाठवतो. यंत्रावर ‘ठीक आहोत’ असं एक तयार बटण असतं, पण ते आम्ही चालवून घेत नाही. वाटाड्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं, किती जण आहेत ते लिहायचं, मग मी त्या छावणीपुढे हिरवी खूण करायची. तयार बटणाचा संदेश आला तर खूण करायची नाही, लगेच उलट विचारायचं. हा नियम नव्या पोरांना मीच शिकवते, तेही चांगलं दटावून. ज्याच्याबद्दल सांगतेय तो वाटाड्या तर फार गमत्या. ‘दोघं. वारा वायव्येचा. पाहुण्याचं घोरणं वाऱ्यापेक्षा मोठं,’ असं काहीतरी रोज लिहायचा. मी त्याच्या संदेशाची वाट बघायची.

आता तुमच्या दुकानातली पद्धत आठवा. कोडगूच्या कॉफीमळ्यांवरून माणसं बंदुका घेऊन यायची. बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जाताना देणाऱ्याने ती उघडायची, करंगळी नळीत घालून बघायची आणि मोठ्याने सांगायचं, ‘नोडिदे, खाली इदे.’ बघितली, रिकामी आहे. घेणाऱ्यानेही पुन्हा तेच करायचं आणि तेच सांगायचं. तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या मधे दोन हातांचं अंतर असलं तरी दोनदा बघणं व्हायचंच. नव्या गिऱ्हाइकांना ते बावळटपणाचं वाटायचं. मी नऊ वर्षांची असेन. आईने डबा घेऊन पाठवलं होतं. एका मळेवाल्या मामांनी दुनळी पुढे केली, म्हणाले, ‘अण्णांना दे पुट्टी, रिकामीच आहे.’ मी ती दोन्ही हातांत घेऊन, मोठी बाई असल्यासारखी, आत आणून दिली आणि म्हटलं, रिकामी आहे. तुम्ही आधी बंदूक उघडून बाजूला ठेवलीत आणि मग माझ्या कानाखाली वाजवलीत. तुम्ही मला मारलेलं ते एकदाच.

‘कोणी सांगितलं रिकामी आहे?’

‘त्या मामांनी.’

‘तू बघितलंस?’

मी रडतेय आणि तुम्ही माझं मनगट धरून माझी करंगळी त्या नळीत घालताय. आत गार, तेलकट, पोकळ. ‘हे आता तू बघितलंस. आता बोल.’ मी हुंदके देत बोलले, नोडिदे. बंदूक रिकामी होती बरं का, अण्णा, मामा खोटं बोलले नव्हते. ते मी तुम्हाला सांगायलाही गेले, तर तुम्ही म्हणालात, ‘ते मामांचं नशीब.’ संध्याकाळी घरी येताना तुम्ही खिशातून एक रिकामं पितळी काडतूस काढलंत, ओठाखाली उभं धरून फुंकलंत, आणि अशी कर्कश शिट्टी वाजली की शेजारच्या अक्का खिडकीत आल्या. मग ते माझ्या हातात दिलंत. माफी तुम्हाला मागता यायची नाही, शिट्टी देता आली. ती अजून माझ्याकडे आहे, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, पिनांच्या डबीत.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या छावणीचा संदेश आला. ‘ठीक आहोत.’ एवढंच. तयार बटणाचा. वारा नाही, घोरणं नाही, दोघं नाही. मी बघितलं आणि हिरवी खूण केली. का केली? बाकीच्या आठ छावण्यांचं सगळं नीट आलं होतं, ही शेवटची होती, पोटात काही नव्हतं. म्हटलं, दमला असेल बिचारा, बोटं गारठली असतील, म्हणून दाबलं बटण. मी खाली जाऊन कॉफी घेऊन आले. दहा मिनिटं गेली असतील, फार तर बारा. परत येऊन बसले तर समोर पडद्यावर ती हिरवी खूण. आणि काय सांगू, माझी करंगळी गार पडली. भुताखेताचं काही नाही हं, ऑफिसचा एसी तसाच आहे. पण मला दुकान आठवलं आणि मी खूण काढून टाकली. लिहिलं, ‘किती जण आहात?’

उत्तर यायला चार मिनिटं लागली. ‘एक.’

मी लिहिलं, कोण एक? उत्तर आलं पाहुण्याचं. साठीतला माणूस, गुडघे धरलेले. त्याने दुपारी एक कॅरिबू टिपला, पण गोळी नीट बसली नाही, जनावर जखमी होऊन टेकाडापलीकडे गेलं. जखमी जनावर तसं सोडायचं नाही हा तिथलाही कायदा. याला चालवेना, म्हणून वाटाड्याने याला तंबूत बसवलं आणि एकटा माग काढत गेला. जाताना यंत्र याच्या हातात देऊन म्हणाला, मला वेळ लागला तर सातला हे बटण दाब, नाहीतर बंगळूरची बाई काळजी करत बसेल. त्याने सातला इमानदारीत दाबलं. म्हणजे माझी काळजी वाचवायला म्हणून तो संदेश आला होता. कप्पाळ माझं!

मी विचारलं, तो जाऊन किती वेळ झाला? चार तास. काही आवाज ऐकलात? ‘हो. इथल्या साडेसहाच्या सुमाराला तीन बार ऐकले. मला वाटलं, जनावर सापडलं, संपवलं.’ आता तुमच्या दुकानात बसून मी धडे गिरवले आहेत. जखमी जनावराला तुमचे चांगले शिकारी एक बार टाकायचे, फार तर दोन. मी लिहिलं, तिन्ही बार सारख्या अंतराने झाले का? मोजल्यासारखे? मग आलं, ‘हो. मोजल्यासारखे.’ आणि लगेच मागोमाग, ‘अरे देवा.’ शिकारी होता तो, त्यालाही माहीत होतं. सारख्या अंतराने तीन बार म्हणजे मदतीची हाक. त्याने ती ऐकली आणि खूश होऊन चहा ठेवला.

मुख्य छावणीवर हेलिकॉप्टर असतं. मी फोन लावला. तिथल्या बाईने वैमानिकाला उठवलं, नकाशा काढला, सगळं झटपट. पण तिथे सूर्य टेकला होता आणि ढग टेकाडांवर उतरले होते. वैमानिक स्वतः फोनवर आला. शांत आवाजात म्हणाला, ‘अर्धा तास आधी कळलं असतं तर एक फेरी मारून आलो असतो. आता अंधारात ढगात शिरलो तर दुसरा माणूस शोधायला लागेल. उजाडलं की निघतो.’ उजाडायला अकरा तास. मी भांडले त्याच्याशी. मराठीत एक शिवीही घातली, त्याला कळली नाही ते बरं. तो काय चुकीचं बोलत होता? दहा-बारा मिनिटांनी काही बदललं नसतं, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगते आहे.

मग सुरू झाली खरी परीक्षा. पाहुणा हट्टाला पेटला. ‘मी टॉर्च घेऊन शोधायला जातो.’ मी लिहिते, नाही. तो लिहितो, ‘तो माझ्या गोळीमुळे गेला.’ मी लिहिते, तुमच्या गुडघ्यांनी तुम्ही टेकाड चढणार नाही, मग मला दोघांना शोधावं लागेल, बसा. तो लिहितो, ‘तू कधी इथे आली आहेस का?’ मी खरं ते लिहिलं, नाही, मी कधी बर्फही पाहिलेला नाही, पण बसा. आमचा टीम लीडर पुण्याचा, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, तोवर येऊन मागे उभा राहिला होता. तो म्हणाला, ‘ताई, गेस्टला ऑर्डर नका देऊ, कंप्लेंट येईल.’ मी मागे न बघता म्हटलं, ‘येऊ दे. जिवंत माणसाची कंप्लेंट येऊ दे.’ थोड्या वेळाने तो स्वतः खाली जाऊन माझ्यासाठी इडली घेऊन आला. पोर वाईट नाही.

मी विचारलं, शिट्टी आहे का? नव्हती, ती वाटाड्याच्या गळ्यात. जाळ करायला तिथे काडी मिळत नाही. बार टाकायचे तर याच्याजवळ उरलेल्या गोळ्या रात्रभर पुरणाऱ्या नव्हत्या. हाका मारून याचा घसा बसला होता. मग मी ड्रॉवर उघडला. अण्णा, मी ते काडतूस हातात घेऊन त्या माणसाला लिहिलं, आज बार टाकलात त्याचं रिकामं काडतूस खिशात असेल, ते काढा. खालच्या ओठाला टेकवून उभं धरा, काडतुसाच्या तोंडावरून आडवी फुंकर मारा. त्याला जमेना. मी ऑफिसच्या मधोमध बसून स्वतः फुंकून बघते, ओठ कुठे येतो ते बघते आणि लिहिते, थोडं खाली, स्वल्प खाली. हो, कानडीतलं स्वल्प लिहून गेले, मग खोडलं. सगळा मजला माझ्याकडे बघतोय. सहाव्या प्रयत्नाला त्याचं उत्तर आलं, ‘वाजली!’ मी सांगितलं, दर दहा मिनिटांनी तीनदा वाजवायची, टेकाडाकडे तोंड करून, सकाळपर्यंत. झोपायचं नाही. मीही उठणार नाही.

दर दहा मिनिटांनी तो मला ‘वाजवली’ असं लिहायचा आणि मी ‘बघितलं’ असं. बाहेर दुपार झाली, डब्याची वेळ गेली, माझी शिफ्ट संपली. त्या बसण्यात मला सारखा तुमचा तो बसचा प्रवास आठवत होता. मी बारा वर्षांची होते. तुम्ही एका मळेवाल्याची दुनळी घोडा बसवून परत दिली होतीत. सणाची गर्दी होती, तुम्ही तो शेवटचा एकदा ओढून बघितला नाहीत. मळ्यावर गाडीतून उतरवताना बंदूक आपोआप उडाली आणि एका मजुराच्या पोटरीत छर्रे घुसले. मळेवाल्याला वाटलं, मजुरानेच काही चाळा केला असणार. तुम्हाला कोणी दोष दिला नव्हता. नुसती बातमी कानावर आली होती, तीही तिसऱ्याकडून. आई म्हणाली, ‘कोणी विचारलंय का तुम्हाला? मग उगाच कशाला जाऊन सांगायचं?’ दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन, दोन बस बदलून, तुम्ही त्या मळ्यावर गेलात. तो मजूर ओसरीवर पाय लांब करून बसलेला, बँडेज मळलेलं. त्याची बायको कॉफी वाळवत होती. तुम्ही चपला काढल्यात, त्याच्यासमोर खाली बसलात आणि म्हणालात, ‘तप्पु नंदे.’ चूक माझी. मी ओढून बघितलं नव्हतं. तो माणूस तुमच्याकडे बघतच राहिला. मग मळेवाला बाहेर आला तर त्यालाही पुन्हा तेच. पुढे दोन वर्षं त्या बाजूची एक बंदूक आपल्या दुकानात आली नाही, आणि आई रोज तुम्हाला ते ऐकवायची. मला तेव्हा तुमचा राग आला होता. लाज वाटली होती. बापाने असं कुणापुढे बसू नये असं वाटलं होतं.

आपली संध्याकाळ झाली तेव्हा तिथे उजाडलं. आपल्या सव्वासहाला हेलिकॉप्टर उडालं. मी नुसती त्या नकाशावरच्या ठिपक्याकडे बघत होते. सहा चाळीसला फोन आला, सापडला. जिवंत. टेकाडापलीकडे ओल्या दगडांवरून घसरून ओढ्यात पडला होता, नडगी मोडली होती, कसाबसा काठावर येऊन एका खडकाच्या आडोशाला पडून होता. ओल्या बुटात रात्रभर. मी मोठ्याने रडले, अण्णा, भर ऑफिसात, नाक पुसायला रुमालही नव्हता. टीम लीडर म्हणाला, ‘सुपर्ब कॅच, ताई! तुम्ही विचारलंत म्हणून.’ मग टाळ्या. आठवड्याने तो डबा.

परवा त्या वाटाड्याची मेल आली. घरी आलाय, काठी घेऊन चालतो. लिहितो, रात्री वारा पडला की शिट्टी ऐकू यायची. बारीकशी, पण यायची. डोळा लागायला आला की वाजायची. म्हणून झोपलो नाही, आणि झोपलो असतो तर उठलो नसतो. पाहुण्याने सांगितलं, ती युक्ती तुझी. पुढे लिहिलंय, ‘डॉक्टर म्हणतात, थोडं आधी सापडलो असतो तर बोटंही वाचली असती. पण तू तरी काय करणार, संदेशच तुझ्यापर्यंत उशिरा पोचला असणार. माझ्या मुलीला मी सांगितलंय की बंगळूरला माझी एक बहीण आहे.’

ही मेल मी कितीदा वाचली ते विचारू नका. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

अण्णा, दहा-बारा मिनिटं नव्हती. तुम्हालाही वर खोटं लिहिलं. पन्नास मिनिटं होती. मी कॉफी आणायला गेले नव्हते, खालच्या दर्शिनीत उभ्याने खाराबात, तो तिखट उपमा, खायला गेले होते. तो खाल्ला, वर एक वडा घेतला. मग तुमच्या धाकटीचा फोन आला. ती तिच्या नव्या जावेची नक्कल करत होती आणि मी तिथे खांबाला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. वरती ती हिरवी खूण तशीच. खूण काढली की ती केव्हा केली होती हेही पुसलं जातं, म्हणून कुणाला कळलं नाही. सगळे धरून चालले की संदेश उपग्रहावरून उशिरा पोचला असेल, तसं कधी कधी होतं. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. वैमानिकाने अर्धा तास मागितला होता. माझ्याकडे पन्नास मिनिटं होती, ती मी हसण्यात घालवली. त्याची बोटं त्यात गेली.

मेलचं उत्तर मी लिहून ठेवलं आहे, अण्णा. तीन ओळी आहेत. संदेश वेळेवर आला होता. मी न विचारता खूण केली. चूक माझी. तुम्ही दोन बस बदलून गेला होतात, चपला काढून खाली बसला होतात. मला खुर्चीवरून उठायचंही नाही, नुसतं पाठवायचं आहे. परवापासून ते तसंच पडलं आहे, आणि ते पाठवायला लागू नये म्हणून मी तुम्हाला एवढं लांबलचक लिहीत बसले आहे.